एक दात वर

आवाज तसा लहानच होता. चौकातला दिवा लाल झाला, त्याने ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडीच्या मागच्या अंगाला काहीतरी बारीक किंचाळलं. पातळ, लांबट, गाडी मंदावेल तसा वर चढत जाणारा आणि गाडी थांबल्यावर एकदम तुटणारा आवाज. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. तिने चाकाकडे पाहिलं असेल, पण चोराच्या मनात चांदणं, त्याला वाटलं तिने आपल्याकडे पाहिलं; आपल्याकडे, आणि मग शेजारच्या सीटवर बसलेल्या बाबांकडे. बाबा समोर बघत होते. उजवा हात मांडीवर, तळवा वर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा ठेवलेला. त्यावर घडी केलेला कोट, कारण त्या हाताला थंडी वाजते असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. डावा हात कोटाखाली. "ऐकलंत?" त्याने विचारलं. "हो," बाबा म्हणाले. यात काही अर्थ नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढा एक शब्द तेवढा मागे राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. कुणाच्या वाट्याला शिवी येते, कुणाच्या वाट्याला बायकोचं नाव. बाबांच्या वाट्याला "हो" आला. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. उठायचंय का, हो. झोपायचंय का, हो. जन्मभर माणसांना "नाही, असं नाही, पुन्हा घे" सांगत आलेल्या माणसाच्या तोंडी नशिबाने हे ठेवलं, यावर सुरुवातीला घरात सगळे हसलेही होते. बाबासुद्धा. आता कुणी हसत नसे.

आवाजाचा त्याने नेहमीप्रमाणे आधी कानाडोळा केला. वीज कंपनीच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं लोकांना उत्तरं लिहून त्याची एक पद्धत बसली होती. आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. ही दोन वाक्यं त्याने इतक्यांदा लिहिली होती की ऑफिसात त्याला मागून "कार्यवाही" म्हणत आणि पुढून साहेब म्हणत, आणि त्याला दोन्ही माहीत होतं. तक्रारींचं एक असतं, त्यांतल्या निम्म्या वाट बघून आपोआप मरतात. पण आवाज मेला नाही. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बाबांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं असे, आणि दर खेपेला चौकात, वळणावर, शाळेसमोरच्या गतिरोधकाशी तो किंचाळे. ऑफिसात त्याने विषय काढला तर जो तो ब्रेकचा तज्ज्ञ निघाला. एक म्हणाला धूळ बसली असेल, पाण्याचा फवारा मार. दुसरा म्हणाला स्वस्तातले लायनर टाकले असतील. तिसरा, जो स्वतः सायकलवर यायचा, म्हणाला, "वाजू दे की. वाजतोय म्हणजे लागतोय." त्याने पाण्याचा फवारा मारला. एका मोकळ्या मैदानात गाडी उलटी चालवून जोरात ब्रेक दाबले, तेही कुणीतरी सांगितलं होतं. एकटा असताना आवाज यायचाच नाही. मग बाबा बसले की पुन्हा सुरू. बाबांच्या वजनाने होत असेल असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि मग त्यांना सीटवरून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवताना त्याच्या लक्षात आलं की बाबांना आता वजन असं राहिलेलंच नाही. आणखी एक गोष्ट होती, ती मात्र त्याने पक्की टिपून ठेवली: जाताना आवाज येतो, परतताना येत नाही. ब्रेक तापले की आवाज जात असणार. हे निदान त्याला स्वतःलाच आवडलं.

खरं सांगायचं तर तो आवाज त्याला हवाही होता. हे त्याने कुणापुढे कबूल केलं नसतं. बाबांना ज्या संस्थेत ठेवायचं ठरलं होतं ती दवाखान्याच्या पुढे, त्याच रस्त्यावर, उतार संपतो तिथे होती. पिवळं फाटक, आत दोन्ही बाजूंना कुंड्या, स्वच्छ खोल्या, खिडकीशी पलंग. सगळं चांगलं होतं, आणि हेच अवघड होतं, कारण वाईट असतं तर नको म्हणता आलं असतं. ठरवलं कुणी? कुणीच नाही, आणि सगळ्यांनी. बाबांना उचलता उचलता बायकोच्या पाठीचा मणका सरकला आणि ती तीन आठवडे जमिनीवर सतरंजी टाकून पडून होती. ठेवलेल्या तीन मदतनीस बायका एकामागून एक सोडून गेल्या. परगावच्या ताईने फोनवर रडून घेतलं आणि मग म्हणाली, "अरे, त्यांनाच विचारा ना. मी फोनवर आहे, विचार त्यांना." त्याने विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं. बाबा, तिथे छान आहे, डॉक्टर आहेत, आम्ही रोज येऊ, राहाल ना तिथे? "हो," बाबा म्हणाले. "बघ," ताई फोनमधून म्हणाली, "हो म्हणाले." बायकोने खाली पाहिलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की बाबांना आग लावू का म्हणून विचारलं असतं तरी ते हो म्हणाले असते, आणि प्रत्येकाने तो "हो" हातात मिळालेल्या पावतीसारखा घडी करून ठेवून दिला. रविवार ठरला. मग तो म्हणाला, ब्रेक वाजतायत, उताराचा रस्ता आहे, त्यांना घेऊन असं कसं जायचं? रविवार पुढच्या रविवारवर गेला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याला ब्रेकचा. पण घोंगडं किती दिवस भिजत ठेवणार. ताईने शुक्रवारी विचारलं, "अजून दुरुस्त नाही झाले? ब्रेकच आहेत ना रे, की विमान आहे?" शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे दोन भिंतींमधली पत्र्याखालची जागा. मिस्त्री त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठा, त्याला अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखणारा, कारण बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. ही शेवटची. स्कूल बंद केली तेव्हा टपावरची पाटी उतरवली, तिची चार भोकं मिस्त्रीने बुजवून वर रंग मारला. डावीकडचे, शिकवणाऱ्याच्या पायाखालचे जादा ब्रेक आणि क्लच काढले. रबरी चटईला तिथे अजून दोन चिरा होत्या. बाबा त्या सीटवर बसले की त्यांचा चांगला डावा पाय त्या चिरांपाशी जाऊन बसायचा. "मास्तर कसे आहेत?" मिस्त्रीने विचारलं. बरे आहेत, तो म्हणाला, आणि लगेच आवाजाकडे वळला. सगळं नीट, क्रमाने सांगितलं, एखाद्या चांगल्या तक्रार-अर्जासारखं: मागून येतो, ब्रेक दाबल्यावर येतो, तीन आठवड्यांपासून, जाताना येतो, येताना नाही. मिस्त्रीने कान खाजवला. "जाताना वाजतो आणि येताना वाजत नाही? ब्रेकला काय माहीत तू जातोस की येतोस?" दोघे गाडी घेऊन रस्त्यावर एक चक्कर मारून आले, मिस्त्री चालवायला, तो बाबांच्या सीटवर. मिस्त्रीने हळू ब्रेक दाबला, जोरात दाबला, सोडून सोडून दाबला. एक आवाज नाही. रुग्णाला डॉक्टरसमोर नेल्यावर ताप उतरावा तसं झालं, आणि त्याला खजील वाटलं, आणि खजिलपणाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं: दोष सापडला नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर उद्या नाही.

पण मिस्त्री असा सोडणारा नव्हता. "उघडून बघू," म्हणाला. गाडी जॅकवर चढली, मागचं उजवं चाक निघालं, मग लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकत ठोकत मिस्त्रीने ड्रम सैल केला आणि ओढून काढला. आत काळी भुकटी. दोन अर्धगोल पट्ट्या, ज्यांनी आतून दाब देऊन चाक थांबवायचं. त्यांच्यावरचे लायनर खरबरीत असायला हवेत, ते चकाकत होते. मिस्त्रीने ओला फडका फिरवला, पट्टीवर नख ओढलं, आणि ती उजेडात धरली. "बघ. काच झालीय. पोट भरपूर आहे अजून, झिजलेले नाहीत. पण तापून तापून वरचा थर गुळगुळीत झालाय. ड्रमला निळी झाक आलीय बघ आत. असं कधी होतं माहितीय? हँडब्रेक अर्धवट लावून गाडी पळवली की." त्याला राग आला. आणि तो खरा राग होता, कारण जगात त्याला नीट येणाऱ्या फार थोड्या गोष्टी होत्या आणि त्यांत गाडी चालवणं ही एक होती. "मी? हँडब्रेक लावून? मी मास्तरांचा मुलगा आहे." मिस्त्री पट्टीकडेच पाहत होता. "हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय. तुझ्या शेजारी कोण बसतं?"

त्याला पहिल्यांदा प्रश्न कळलाच नाही. मग मिस्त्री हसायला लागला, मोठ्याने, मांडीवर हात मारून, आणि हसता हसता त्याचं तोंड मध्येच थांबलं, कारण समोरच्याचा चेहरा काही हसण्यासारखा नव्हता. "तुला माहीत नाही? काखेत कळसा... अरे, स्कूलच्या गाडीचे मागचे लायनर दर चार महिन्यांनी असेच यायचे माझ्याकडे. मी म्हणायचो, मास्तर, शिकतो तो विद्यार्थी आणि मरतात ते माझे लायनर. तुझ्या बाबांची युक्ती होती ती. नवा पोरगा जरा जोरात निघाला की ओरडायचं नाही, आपल्या बाजूचा ब्रेकही दाबायचा नाही. ब्रेक दाबला की त्याला कळतं, त्याला कळलं की तो घाबरतो, घाबरला की मग तो जन्मभर घाबरतच चालवतो. म्हणून हँडब्रेक. बटण दाबून धरायचं, म्हणजे आतल्या दातेरी पट्टीचा टक् आवाज येत नाही, आणि दांडा एक दात वर. बस, एकच दात. गाडी आपोआप जड होते. पोराला वाटतं, वा, मीच सावकाश चालवतोय." मिस्त्री उठला आणि स्टिअरिंगमागे वाकून बोट दाखवू लागला. "आणि हा हँडब्रेकचा लाल दिवा. तो लागत नाही ना तुझा? बल्ब गेलेला नाही. बल्ब मास्तरांनीच काढून ठेवलाय. पहिल्या दिवसापासून."

मग त्याने करून दाखवलं. उजवं चाक जसंच्या तसं बसवलं. डावं अजून उघडलेलंच नव्हतं. "चालव," म्हणाला, आणि स्वतः बाबांच्या सीटवर बसला. तो चालवू लागला, कान आणि पाठ ताणून, आता कळेल, आता कळेल असं म्हणत, नजर समोर. नजर रस्त्यावर, हे बाबांचं पहिलं वाक्य असे. हातांकडे बघायचं नाही, गिअरकडे बघायचं नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही. त्याला काही कळलं नाही. पहिल्या वळणावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि मागे दोन्ही चाकं बारीक किंचाळली. त्याने खाली पाहिलं. मिस्त्रीचा हात दांड्यावर होता, दांडा बोटभर वर. "कधी?" त्याने विचारलं. "कोपऱ्यावरचं दुकान गेलं तेव्हा," मिस्त्री म्हणाला. "मला तर मास्तरांसारखं जमतही नाही."

अठरा वर्षांचा असताना बाबांनी त्याला शिकवलं होतं. पहाटे, विद्यार्थी यायच्या आत, जलशुद्धीकरण केंद्राच्या लांब भिंतीला लागून असलेल्या रस्त्यावर. महिनाभर. आयुष्यातला त्याचा सर्वांत सुखाचा महिना तोच असावा. शाळेत यथातथा, खेळात यथातथा, बोलण्यात तर विचारूच नका. आणि इथे एक यंत्र त्याचं ऐकत होतं. उतारावर तो पाय नुसता सैल करायचा आणि गाडी समजूतदारपणे, त्याला हवी तितकीच, हळू उतरायची. आपल्या पायात काहीतरी आहे, असं त्याला वाटायचं. बाबा शेजारी बसून भिंतीकडे बघत असत, डावा हात खिडकीबाहेर, उजवा हात दोघांच्या मधे. त्या हाताकडे त्याने कधी पाहिलं नाही, पाहायचं नव्हतंच. एकदाच बाबा म्हणाले होते, "चांगला हात आहे तुझा." बाबा कुणाला चांगलं म्हणत नसत. मग परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसला आणि गाडी बदलली. तीच गाडी, तोच उतार. पण ती मोकाट सुटल्यासारखी पुढे पळाली, त्याने घाबरून ब्रेक दाबला, पांढऱ्या रेषेच्या पलीकडे जाऊन थांबला, आणि नापास झाला. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी पुन्हा महिनाभर शिकवलं, आणि त्या महिन्यात गाडी तशी समजूतदार राहिली नव्हती, ते त्याला आत्ता, मिस्त्रीच्या गॅरेजात, स्टुलावर बसल्या बसल्या आठवलं. तेव्हा त्याने त्याचा अर्थ असा लावला होता की पहिला महिना हा योगायोग होता आणि चांगला हात वगैरे काही नसतं. मग वीज कंपनीतली नोकरी लागली आणि तो विषय राहिला.

मिस्त्री काम करत होता. पट्ट्या काढून पॉलिश पेपरने घासत होता, चकाकी जाऊन खाली खरबरीत राखाडी पृष्ठ येईपर्यंत. ड्रमची आतली कडा घासत होता. पट्ट्या जिथे मागच्या ताटलीला टेकतात तिथे ग्रीसचे बारीक ठिपके देत होता, करंगळीने, गंध लावावं तसे. तो बघत होता आणि डोक्यात तारखा जुळवत होता, आणि त्या जुळत होत्या. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. दवाखाना झाल्यावर तो बाबांना गाडीतच बसवून पुढे गेला होता, त्या पिवळ्या फाटकाशी. "पाच मिनिटांत आलो," म्हणाला होता, आणि खोली बघून, फॉर्म भरून चाळीस मिनिटांनी परतला होता. काच अर्धी खाली होती. बाबा फाटकाकडे बघत होते. फाटकाच्या आत चाकाच्या खुर्च्यांवर चार-पाच म्हातारी माणसं उन्हाला बसवलेली होती, एका रांगेत. "हवा चांगली आहे ना इथे?" त्याने आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं होतं. हो. त्यानंतरच्या शुक्रवारी पहिल्यांदा आवाज आला. जाताना. परतताना कधीच नाही. ब्रेक तापल्यामुळे नव्हे. परतताना बाबा दांड्याला हात लावतच नव्हते. कोटाखालून, अंग आडवं वळवून, पलीकडच्या हाताने, बटण दाबून, एक दात. घराकडे वळल्यावर काही नाही. आणि दवाखान्यापाशी थांबल्यावर तो स्वतःच दांडा पूर्ण वर ओढायचा आणि निघताना पूर्ण खाली सोडायचा, त्यामुळे मधला तो एक दात कधी त्याच्या हाताला लागला नाही. म्हणजे बाबांना कळत होतं. सगळं कळत होतं. रस्ता, फाटक, रविवार, फोनवरची ताई. आणि नाही म्हणायला त्यांच्याजवळ सबंध जगात एवढी एकच जागा होती.

"बल्ब टाकू का नवा?" मिस्त्रीने विचारलं. "म्हणजे तुला कळेल तरी. लावून चालवत राहिलास तर लायनर पुन्हा काच होतील, आणि उतारावर ड्रम तापला तर ब्रेक लागणार नाहीत." बरोबर होतं. त्याला नको म्हणायचं होतं, पण नको का, ते सांगता आलं नसतं. "टाक," तो म्हणाला.

घरी बायको खोलीत सतरंजीवर आडवी होती, गुडघ्यांखाली उशी. बाबा खिडकीशी खुर्चीत. तो त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला. हळूच विचारलं, "बाबा, हँडब्रेक तुम्ही ओढता?" हो. याला काय किंमत? "तुम्हाला तिकडे जायचंय?" हो. "इथेच राहायचंय?" हो. बाबांचे डोळे त्याच्यावर होते आणि ते नेहमीचेच होते, जरा पाणावलेले, कारण उजवी पापणी नीट मिटत नसे. त्याला वाटलं, आत कुठेतरी बाबा प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर देतायत, स्पष्ट, खणखणीत, आणि बाहेर येताना ते या एका शब्दात जाऊन पडतंय. त्याने त्यांचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याच्या पेराला घट्टा होता, वाटाण्याएवढा. हा घट्टा असायला हवा होता उजव्या हाताला; डाव्या हाताला तो नवा होता.

मग तो बायकोकडे गेला. "पुढच्या रविवारी नेलं तर?" त्याने विचारलं. ती छताकडे बघत होती. "ब्रेक झाले ना?" झाले. "मी नाही म्हणत नाही रे," ती म्हणाली. "तू ठरव. हवं तर नेऊच नकोस. मला फक्त एवढं सांग, सोमवारी सकाळी त्यांना उठवणार कोण?" तिने हे रागाने विचारलं असतं तर तो भांडला असता. तिने खरंच विचारलं होतं. सोमवारी नऊ वाजता त्याला ऑफिसात असायचं होतं. तो एकटा त्यांना उचलू शके, पण दिवसातून सहा वेळा कोण उचलणार, आंघोळ कोण घालणार, आणि त्याची पाठ गेली की मग कोण? "दे ती पाण्याची बाटली," ती म्हणाली, आणि त्याने दिली.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. बाबांची बॅग मागच्या सीटवर, तीत सहा सदरे, रेडिओ, दाढीचं सामान. त्याने त्यांना सीटवर बसवलं, पट्टा लावला, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि कोट त्यावर ठेवता ठेवता थांबला, मग ठेवला. बायको दारापर्यंत आली, भिंत धरून, आणि तिने बाबांच्या कपाळावरचे केस मागे सारले, मग पुन्हा एकदा सारले. गाडी निघाली. चौक आला, दिवा लाल झाला, त्याने ब्रेक दाबला. गाडी मुकाट थांबली. मिस्त्रीचा हात चांगला होता. त्याने हिरवा होईपर्यंत समोर पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाला, ओढा. शाळा गेली. दवाखाना आला आणि पहिल्यांदाच गाडी तिथे वळली नाही, सरळ गेली. त्याला बाजूला बघायचं नव्हतं. नजर रस्त्यावर. त्याने एक ठरवून टाकलं होतं, कुणालाही न सांगता, आदल्या दिवशीपासून: बाबांनी ओढला तर तो सोडायचा नाही. आणखी ओढला तर आणखी. उतारावर गाडी जिथे थांबेल तिथे थांबू द्यायची, आणि वळवायची, आणि सोमवारचं सोमवारी. त्याला स्वतःहून हे जमणार नव्हतं, ते तो ओळखून होता. बाबांनी त्याला हळू करायला हवं होतं, नेहमीसारखं, त्याच्या नकळत, म्हणजे त्याला वाटलं असतं की आपणच थांबलो.

उताराच्या तोंडाशी लाल दिवा लागला. काट्याखाली, डाव्या कोपऱ्यात, एवढासा, भर उन्हातही ठसठशीत. गाडी किंचित जड झाली. त्याचा जीव भांड्यात पडला. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने पाय आणखी सैल केला. आणि मग, फार उशिरा, त्याच्या लक्षात आलं की हा दिवा डावीकडच्या सीटवरूनही दिसतो. त्याने न राहवून बाजूला पाहिलं. बाबा अंग वळवून आडवे झाले होते, कोट खाली घसरला होता, डावा हात दांड्यावर; आणि ते त्या दिव्याकडे बघत होते. त्यांनीच काढून ठेवलेल्या, वीस वर्षं कधी न लागलेल्या दिव्याकडे. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एखादा माणूस भर लोकांत पकडला जावा तसा तो चेहरा झाला होता, ओशाळा, आणि त्याने बाबांना आयुष्यात कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. अंगठा बटणावर गेला. दांडा खाली बसला. दिवा विझला. बाबांनी हात काढून घेतला, मांडीवरच्या दुसऱ्या हातावर ठेवला, आणि सरळ बसून समोर बघू लागले.

"राहू द्या ना, बाबा," तो म्हणाला. "ओढा. ओढा तुम्ही, मी काही म्हणणार नाही. ओढता ना?"

"हो," बाबा म्हणाले. हात जागचे हलले नाहीत.

गाडी हलकी झाली होती आणि उतारावर पुढे चालली होती. खाली पिवळं फाटक उघडंच होतं, कुणीतरी त्यांची वाट बघत कुंड्यांपाशी उभं होतं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला. काहीसुद्धा वाजलं नाही.